मोठ्यातून लहान

जुलैतली गोष्ट. पाऊस सकाळपासून लागून होता, व्हरांड्यात पोरांच्या चपलांचा चिखल, आणि मला खिचडी शिजायच्या आत पोषण आहाराच्या ॲपवर दोन्ही वर्गांची हजेरी टाकायची होती. आमच्याकडं रेंज फक्त झेंड्याच्या खांबापाशी येते, तिथं छत्री धरून उभं राहायचं, म्हणून घाई. सरांच्या वर्गाकडं निघाले तर दाराच्या अलीकडंच आतून बकरी ओरडली. खरी नाही, सर ओरडत होते. मग लांडगा बोलला, मग पुन्हा बकरी, आणि पहिली-दुसरीचे पोट्टे असे काही खदखदून हसत होते की दारात उभं राहून आपणही थोडं ऐकावं म्हणून मी चाल हळू केली. पण सरांनी मला पाहिलं. बकरी तिथंच थांबली. सरांनी शर्ट खाली ओढला, खडू उचलला आणि एकदम परिपाठाच्या आवाजात विचारलं, "काही पाहिजे का मॅडम?" पोरंही चूप. मी म्हटलं हजेरी, ते म्हणाले तेवीस. मी परत फिरले आणि व्हरांड्याच्या टोकाला पोचते न पोचते तोच मागं बकरी पुन्हा सुरू झाली.

एवढंच. पण ते काही डोक्यातून जाईना.

मी काही साहेब नाही. मुख्याध्यापकाचा प्रभार कागदावर माझ्याकडं आहे, पण प्रभार म्हणजे काय तर किल्ल्या आणि कटकटी. सर वयानं माझ्याहून बरेच लहान, मराठवाड्यातले, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून इकडं यवतमाळकडं आले, आणि आल्यापासून आमचं छान जमते. माझ्या डब्यातली भाजी ते खातात, त्यांच्या खोलीवरचा ठेचा मी खाते. मग मला पाहून बकरी का थांबावी? आणि विचार करता करता असं लक्षात आलं की मीही तेच करते. मी वर्गात पोरांशी बोलताना अर्धी वऱ्हाडी, अर्धी पुस्तकी अशी काहीतरी खिचडी बोलत असते, "कायले रडून राहिला रे बाप्पा" वगैरे, आणि दारात कोणी उभं राहिलं की माझी भाषा आपोआप बालभारतीची होते. आमच्या नोकरीत शिकवताना वर्गात मोठं माणूस शिरलं म्हणजे ते तपासायलाच आलेलं असते. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, कुठलं तरी पथक. ते येतात, एखाद्या पोराला उभं करतात, सतराचा पाढा विचारतात, शेरेबुकात दोन ओळी लिहितात आणि चहा घेऊन जातात. इतकी वर्षं हेच झाल्यावर अंगाला सवय लागते, दारात सावली पडली की ताठ व्हायची. सावली कोणाची आहे ते अंग बघत नाही.

दोनशिक्षकी शाळा म्हणजे ठरवून लावलेलं लग्न आहे. कायद्यानं साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक, आणि ते दोन कोण हे बदल्यांचं पोर्टल ठरवणार. पसंतीचा प्रश्नच नाही, पण संसार मात्र पूर्ण. सर सुट्टीवर गेले की चारही वर्ग माझे, मी सभेला गेले की चारही वर्ग त्यांचे. त्यांचा ओटीपी माझ्या फोनवर येतो, शाळेच्या माहितीच्या यू-डायस पोर्टलचे माझे रकाने ते रात्री खोलीवर बसून भरतात. मतदार यादीचं काम आलं की एक जण बीएलओ म्हणून घरोघर आणि दुसरा शाळेत. (शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत म्हणणाऱ्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच निवडणुकीचं काम अपवाद म्हणून ठेवलेलं आहे, त्यामुळं त्यावर रडायचीही सोय नाही.) म्हणजे रजा वाटून घेतो, डबा वाटून घेतो, तांदळाच्या शिल्लकेची काळजी वाटून घेतो, साहेबांची भीतीही वाटून घेतो. फक्त ज्याचा पगार मिळतो ते, शिकवणं, ते मात्र ज्याचं त्यानं आपापल्या चार भिंतींत करायचं. दुसऱ्यानं पाहायचं नाही, विचारायचं नाही. इतकी वर्षं झाली, मला यात काही विचित्र वाटलंही नव्हतं.

तसं आमच्यात सहकार्य कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपचे ग्रुपच किती आहेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राचा, तालुक्याचा, निपुण या वाचन-गणिताच्या मोहिमेचा, पोषण आहाराचा, आणि एक फक्त वाढदिवसांचा. सकाळी "अतितातडीचे, आजच सादर करावे, निरंक असल्यास निरंक कळवावे" असं आलं की सगळे मिळून तुटून पडतात. गुगल शीट तर विचारूच नका. एका शीटवर केंद्रातल्या सगळ्या शाळा एकाच वेळी भरायला बसल्या की कोणीतरी कोणाच्या तरी ओळीवर आपला पट टाकते, मग ग्रुपवर "माझी ओळ कोणी उडवली?", मग कोणीतरी सॉर्ट करते आणि सगळ्यांचे मोबाइल नंबर एकेक घर खाली सरकतात. मागं आमच्या शाळेच्या नावापुढं दुसऱ्याच शाळेचे स्वच्छतागृह लागले होते, त्यांच्याकडं दोन, आमच्याकडं एक, आम्ही तसेच राहू दिले. हे सगळं करताना माणसं एकमेकांना जीव लावून मदत करतात, खोटं नाही. रात्री अकराला फोन करा, लिंक कशी उघडायची ते सांगतील. पण "तिसरीला भागाकार सुरू केला, तू कसा करतेस गं?" असा फोन मला रात्री अकराला काय, दिवसा अकरालाही आल्याचं आठवत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या गावात होते तिथं मोठे गुरुजी होते. नोकरी कशी करायची ते मला त्यांनी शिकवलं. दाखलखारीज रजिस्टर, टीसी, टाचण, किर्द, कोणत्या साहेबाला साखर कमी लागते इथपर्यंत. माझ्या हातून एका दाखल्यावर जन्मतारीख अक्षरात लिहायची राहिली होती तर त्यांनी संध्याकाळी सायकल काढून त्या घरी जाऊन तो दाखला परत आणला. असा माणूस. मधे एक भिंत, पलीकडं त्यांचा वर्ग. पावसाळ्यात ते पोरांना घेऊन मैदानात जायचे आणि मला वाटायचं गुरुजी कंटाळले, पोरं खेळवून राहिले. मग ते रिटायर झाले. निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, सफारीचं कापड, सगळं झालं आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी बोलायला उभा राहिला, एसटीत कंडक्टर झालेला. तो म्हणाला, गुरुजींनी आम्हाले नद्या शिकवल्या त्या मैदानात. ओल्या मातीचे ढीग करायला लावायचे, मग बादलीभर पाणी वरून सोडायचं आणि म्हणायचे, आता पाण्याले विचारा कुठं जातं ते. पैनगंगा कुठं वर्धेला मिळाली, वर्धा पुढं वैनगंगेला भेटली की दोघींची प्राणहिता कशी झाली, हे त्या पोरांनी बोटानं चिखलात काढलेलं. तो सांगत होता आणि मंडपातली निम्मी माणसं मान हलवत होती, म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. मी भिंतीला लागून होते आणि मला ते निरोपाच्या भाषणात कळलं. मी नद्या नकाशावर पट्टी ठेवून शिकवत होते तेव्हा.

दुसऱ्याचा वर्ग बघायची लाट एकदा आली होती, नाही असं नाही. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला त्या सुमाराला साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, शाळा पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गाड्या करकरून जात होते, पदरचे पैसे घालून. आमच्याकडूनही एक गाडी गेली. यवतमाळहून सातारा म्हणजे काय रस्ता आहे. गेलेली माणसं परत आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, हे मी स्वतः पाहिलं. एक मॅडम तर सांगता सांगता रडल्या की पहिलीची पोरं आपापली शिकत होती आणि बाई नुसत्या फिरत होत्या. पण नंतर काय झालं तर ऑइलपेंटचे डबे आले. सगळ्या तालुक्यात फरशा रंगल्या. शंभरच्या चौकटी, बाराखडीचे गोल, इंग्रजी महिने, आणि पायऱ्यांवर पाढे. पोरांनी आपलं आपण शिकायचं तो ज्ञानरचनावाद म्हणजे फरशीवर रंग, असं पोरासोरांनाही कळून चुकलं. फरशी दिसते, फोटोत येते. ती बाई पोरांजवळ बसून काय विचारत होती आणि कुठं गप्प राहत होती, ते गाडीत घालून कसं आणणार? आमच्या फरशीवरची चौकट अजून आहे, सदुसष्ट ते ब्याऐंशीपर्यंतचा रंग मात्र झाडूनं गेला.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत "आदर्श पाठ" होतो तोही तसाच. ज्याचा पाठ असतो तो आठवडाभर पोरांकडून बसवून घेतो, पोरं विचारायच्या आधी उत्तर द्यायला लागतात, आम्ही मागच्या बाकांवर बसून टाळ्या वाजवतो, "अतिशय सुंदर पाठ" असं चारजण बोलतात आणि आलुबोंडा येतो. आता वर्धा आमच्यापासून काही लांब नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी तिथं देशातली माणसं बोलावून जी सभा घेतली, हाताच्या कामातून शिकवायची नयी तालीम जिथून निघाली, तिलाही शिक्षण परिषदच म्हणतात. नाव तेच आहे, एवढं म्हणून पुढं जाते. जपानमध्ये म्हणे शिक्षकांची जुनी पद्धत आहे, एक पाठ चार-पाच जणांनी मिळून बांधायचा, एकानं शिकवायचा, बाकीच्यांनी वर्गात उभं राहून शिकवणाऱ्याकडं नाही तर पोरांकडं बघायचं, कोण कुठं अडलं ते लिहायचं, मग सगळ्यांनी बसून त्याच्यावर बोलायचं. हे आमच्या एका प्रशिक्षणात स्लाइडवर होतं. लाइट गेली, आली तेव्हा पुढची स्लाइड लागलेली होती.

असो. आमच्याकडं जे काही झालं ते कोणत्या जीआरनं झालं नाही, माकडांनी झालं.

सरांची खोली जुनी, कवेलूची. माझी स्लॅबची. उन्हाळाभर शाळा बंद, इकडं तर उन्हामुळं शाळा उर्वरित महाराष्ट्राच्याही मागून सुरू होते, तेवढ्यात वानरांनी त्या कवेलूंवर संसार मांडला. जुलैच्या शेवटी झड लागली तेव्हा सरांच्या वर्गात जागोजाग धार. आधी बादल्या ठेवल्या, मग खिचडीची घमेली ठेवली, मग एक दिवस फळ्याच्या मागून भिंतीचा पोपडा पडला आणि आम्ही तेवीस पोरं, दोन पेट्या, सरस्वतीचा फोटो आणि सर असं सगळं माझ्या खोलीत आणलं. ग्रामपंचायतीला पत्र दिलं. सरपंच म्हणाले, "पोळ्याच्या आंधी करून देतो मॅडम," कोणत्या पोळ्याच्या ते मी विचारलं नाही.

चार वर्ग एका खोलीत. त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला तोंड केलं, मी पूर्वेच्या. पोरं पाठीला पाठ लावून. पहिले दोन-तीन दिवस तर आम्ही दोघंही लाजून शिकवत होतो, अक्षरशः कुजबुजत. सर बकरी काढेनात. मी पाढे वाचून घेऊ लागले कारण पाढे म्हणवणं कोणासमोरही करता येते. पण किती दिवस ताठ राहणार माणूस? पाऊस, ओल्या दप्तरांचा कुबट वास, पोट्ट्यांचा कालवा, मधेच कोणाची तरी पाटी फुटायची, आणि हळूहळू आम्ही एकमेकांना विसरलो. सरांची बकरी परत आली. माझं "कायले रडून राहिला" परत आलं. त्यांचं "लेकरांनो" आणि माझं "पोट्टेहो" एकाच खोलीत चालू लागलं, आणि तिसरीतली एक पोरगी मला म्हणाली, "मॅडम, सरच्या गोष्टीले आमी उलटे बसून ऐकतो, चालते का?" चालते म्हटलं. मीही तेच करत होते.

आणि मग ती वजाबाकी.

तिसरीला मी फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस मांडलं होतं. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारा एक पोरगा आहे, फार बोलत नाही, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्यानं उत्तर लिहिलं ३५. आता हे पस्तीस मी दरवर्षी पाहते. दरवर्षी तिसरीतली अर्धी पोरं पस्तीस आणतात आणि मी लाल पेनानं गोल करून सांगते, हातचा विसरलास. त्या दिवशी लाल पेन हातात होतं आणि पाठीमागून, पश्चिमेच्या भिंतीकडून, सरांचा आवाज आला. दुसरीला शिकवत होते. "सात आणि दोन. मोठा कोण? सात! मग कशातून काय जाणार? मोठ्यातून लहान. सगळे म्हणा, मोठ्यातून लहान." आणि दुसरी एका सुरात, "मोठ्यातून लहान!" मी वहीकडं पाहिलं. एककाला दोन आणि सात. मोठा सात. सातातून दोन गेले, पाच. दशकाला पाच आणि दोन. मोठा पाच. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस. तो पोरगा काही विसरला नव्हता. दोन वर्षं ज्या भिंतीपलीकडं तो शिकला तिथला नियम त्यानं तंतोतंत पाळला होता, आणि मी त्याला विसराळू म्हणत होते.

खरं सांगायचं तर आधी मला जरा बरंच वाटलं. म्हणजे गडबड त्या भिंतीकडं आहे, माझ्याकडं नाही. मग सुचलं की हा पोरगा पहिलीत होता तेव्हा हे सर इथं आलेलेच नव्हते, आधीचे सर होते, आणि तेही हेच म्हणायचे. मी शाळेत होते तेव्हा आमच्या बाईही हेच म्हणायच्या. सगळेच म्हणतो. पहिली-दुसरीत म्हणणारा ते म्हणून मोकळा होतो कारण त्याच्याकडं त्यानं सगळी गणितं बरोबर येतात, आणि तिसरीत ते पिकून वर येते तेव्हा तिथं दुसराच माणूस लाल पेन घेऊन बसलेला असतो. मधे भिंत असली की दोघांनाही आयुष्यभर पत्ता लागत नाही.

आता हे सरांना सांगायचं कसं? पोट्ट्यांसमोर तर नाहीच. आमच्याकडं स्टाफरूम नाही, ऑफिस म्हणजे माझ्याच वर्गातल्या कोपऱ्यातलं कपाट आणि टेबल. दोन दिवस मी नुसती घोळवत राहिले. श्रावणातला सोमवार होता, सरांचा उपास, मी साबुदाणा आणलेला, तेव्हा खाता खाता म्हटलं, "सर, मला एक गंमत दिसली," आणि वही पुढं केली. त्यांनी पाहिलं. एकदम काही बोलले नाहीत, कान मात्र लाल झाले. मला वाटलं झालं, आता उद्यापासून पुन्हा कुजबुज. मग ते म्हणाले, "मॅडम, पण मग पहिलीला म्हणू तरी काय?" आणि गंमत अशी की माझ्याकडंही उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझ्याकडं हातचा होता, पण हातच्याच्या आधी काय, ते नव्हतं. आम्ही दोघं साबुदाण्याच्या डब्यावर बसून दोन आणि सात या आकड्यांकडं बघत राहिलो.

खिचडीवाल्या मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्या पोडावरच्याच. पहिलीत पोडावरचं पोरगं नवं आलं आणि त्याला आमचं काही कळेना की त्याच येऊन कोलामीत दोन शब्द सांगून जातात, आणि हे काम त्यांच्या मानधनाच्या कोणत्याही रकान्यात नाही. त्या म्हणाल्या, "तेंदूचा पुडा सोडल्याबिगर सुटे पानं कशे देसान जी?" बस, एवढंच, आणि परत तांदळात. बिडीच्या त्या पानांचे पुडे बांधायचं पोडावरच्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही, मे महिनाभर घरचे सगळे तेच करतात.

तेंदूची पानं कुठून आणणार पावसाळ्यात, म्हणून सरांनी दुसऱ्या दिवशी तुराट्या आणल्या. बोटाएवढे तुकडे केले, दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधल्या. त्या पोराला पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि सर म्हणाले, "आता मला सत्तावीस दे." त्यानं दोन जुड्या लगेच काढून दिल्या. मग सात पाहिजेत, हातात दोन. तो थांबला. सरांच्या तोंडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बाहेर पावसाकडंही पाहिलं. मग एक जुडी उचलली. सुतळी ओल धरून घट्ट बसली होती, नखानं सुटेना, तेव्हा त्यानं गाठ दातात धरून सोडली आणि काड्या मांडीवर सांडल्या. सात मोजून दिल्या. उरलेल्या मोजल्या, दोन जुड्या आणि पाच. पुन्हा मोजल्या. वही ओढून ते पस्तीस पाहिलं, काड्या पाहिल्या, आणि सरांना विचारलं, "एक जुडी तुमच्याकडं आली का?" त्याला काड्या कमी पडल्या वाटत होत्या, उत्तर चुकलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत त्यानं पुन्हा पस्तीस लिहिलं. हेही सांगायला पाहिजे. यशोगाथेत ते लिहीत नाहीत. बरेच दिवस काड्यांत पंचवीस आणि वहीत पस्तीस असंच चाललं, आणि सरांच्या तोंडातूनही सवयीनं "मोठ्यातून" निघायचं आणि मग ते जीभ चावायचे आणि दुसरी जोरात "लहान!" म्हणून पूर्ण करायची.

मला वाटत होतं की हा व्यवहार एकतर्फी आहे, मी बघते आणि ते सुधारतात. एक दिवस एसटीची वाट बघत थांब्यावर उभे असताना सर म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरपण तुम्हीच देता. मधे श्वास घ्यायलाबी लेकरांना वेळ नाही." राग आलाच. चांगला आला. बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले. पण पुढं ते म्हणाले ते ऐकून घेतलं, की पोडावरची पोरं तोंड उघडतात तोपर्यंत मी पुढच्या प्रश्नावर गेलेली असते. त्यांना प्रश्न आधी मनात कोलामीत न्यायचा, तिथं उत्तर शोधायचं, मग ते मराठीत आणायचं, एवढा फेरा आहे, आणि फळ्याजवळच्या तीन पोरी तेवढ्यात हात वर करून मोकळ्या. माझ्या वर्गात पोडावरची पोरं "फार बोलत नाहीत" असं मी वर लिहिलं ना, ते वाचून सर हसतील. आता मी प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजते. सातच्या पुढं फार जड जाते.

पोळ्याच्या आधी नाही पण नंतर लगेच कवेलू काढून टिनं बसली, सरपंचांनी शब्द बऱ्यापैकी पाळला. सर, तेवीस पोरं, पेट्या आणि सरस्वती परत आपल्या खोलीत गेले. माझी खोली एकदम मोठी आणि रिकामी वाटायला लागली, आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही. टिनावर पाऊस पडला की त्यांना ओरडून शिकवावं लागते, मला पलीकडून सगळं ऐकू येते. हजेरी विचारायला गेले की सर अजूनही थांबतात. शर्ट ओढत नाहीत, एवढंच. कधी मी दारात उभी राहिले आणि "चालू द्या" म्हटलं की चालू देतात, कधी नाही देत. माझंही तसंच. सकाळी जिवात जीव नसतो तेव्हा वर्गात कोणी यावं असं मला आजही वाटत नाही, आणि त्यात काही वाईट आहे असंही नाही.

मग केंद्राची शिक्षण परिषद आली. विषयपत्रिकेवर "सहकारी शिक्षकांसोबत केलेले नावीन्यपूर्ण उपक्रम (फोटोसह)". बाकीच्यांनी पीपीटी आणल्या होत्या. आमच्याकडं एकही फोटो नाही, त्या झडीत कोणाला सुचते फोटो. सर उभे राहिले आणि वानरापासून सुरू केलं. सगळे हसले. केंद्रप्रमुख म्हणाले, "म्हणजे आता सगळ्या शाळांच्या टिनाले भोकं पाडाचे काय सर?" अजून हसले. मग सरांनी फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस लिहिलं, खाली पस्तीस लिहिलं, आणि काही न बोलता उभे राहिले. हसणं कमी झालं. मागून एक मॅडम म्हणाल्या, हे तर माझ्याही पोरांचं आहे. दुसऱ्या म्हणाल्या, माझ्या चौथीत आहे. मी सांगितलं की आता आम्ही पहिलीपासून मोठ्यातून लहान म्हणत नाही, दोनातून सात इथं जातच नाहीत, शेजारी जा आणि जुडी सोड, असं म्हणतो.

तेवढ्यात आठवीपर्यंतच्या शाळेतले एक जुने सर उठले, रिटायरमेंटला आलेले, सभेत कधी न बोलणारे. "जातच नाही म्हणता काय मॅडम?" ते म्हणाले. "मी सहावीले पूर्णांक संख्या शिकवतो. पाचातून सात वजा करा म्हटलं का अर्धा वर्ग म्हणते, सर, जातच नाही, आम्हाले खालच्या मॅडमनं सांगतलं. त्यांच्या डोक्शातून ते काढता काढता दिवाळी येते माही. कोण मॅडम हाय ते पाहाचंच होतं मले." सगळी खोली माझ्याकडं वळली. मग जे सुरू झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. दोघंजण फळ्याजवळ जाऊन एकमेकांच्या हातातला खडू ओढत होते, कोणी म्हणे "अजून जात नाही" म्हणा, कोणी म्हणे मग पोरगं विचारेल कधी जाईल, आलुबोंडे आले आणि थंड झाले. केंद्रप्रमुखांनी घड्याळ पाहिलं, विषयपत्रिका पाहिली, अर्ध्याहून जास्त विषय बाकी. "ते बाकीचं गुगल शीटवर भरून टाका," ते म्हणाले, "आधी हे सांगा, चौथीतच थंडीच्या आकड्यात शून्याखालचं जरासं दाखवलं तर चालते का?"

"थंडी कायले सर," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडं शून्याखाली जाते काय कधी? विहीर घ्या ना, विहीर."